धुराचं काय करायचं?

पनवेलहून रोह्याच्या गाडीत बसलं की सोमाटणे, रसायनी, आपटा अशी स्थानकं मागे पडतात आणि जिते येतं. पुढे हमरापूर, मग पेण. हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास या पट्ट्यातून जाताना घरांच्या मागच्या अंगाला, पुरुषभर उंचीवर, धुराचा एक पातळ थर तरंगताना दिसतो. घरात गॅसची शेगडी असते. मागच्या पडवीत किंवा पत्र्याच्या आडोशाला चूलही पेटलेली असते. तिच्यावर सकाळी आधी आंघोळीचं पाणी चढतं, भाकऱ्यांचा तवा नंतर.

या धुराचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याकडे निदान सत्तर-ऐंशी वर्षं चर्चेत आहे. कुणी म्हणतं, नळी लावून तो बाहेर घालवा. कुणी म्हणतं, तो होऊच देऊ नका. थंड देशांत आणखी एक उत्तर निघालं: धूर शेगडीतच पुन्हा जाळा. या शेवटच्या प्रकाराला तिकडे कॅटॅलिटिक वूड स्टोव्ह म्हणतात. आपल्याकडचे काही हौशी लोक आता त्याची चौकशी करू लागले आहेत, विशेषतः डोंगरउतारावर फार्महाऊस बांधणारे. ती शेगडी म्हणजे काय, ती कशी बसवतात, जित्यासारख्या गावात तिचं काय होईल आणि आपल्या चुलीने याआधी कोणकोणते प्रयोग सोसले, ते एकत्र पाहिलं की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

सुरुवात लाकडापासून. लाकूड जळतं असं आपण म्हणतो, पण ज्वाळेत जळतो तो लाकडातून सुटलेला वायू. कोरड्या लाकडाच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग तापल्यावर वायूरूपाने बाहेर पडतो. मागे उरतो तो निखारा, म्हणजे कोळसा. हा वायू पुरता जळायला साधारण ६०० अंश सेल्सिअस तापमान आणि पुरेशी हवा, दोन्ही एकाच जागी, एकाच वेळी लागतात. चुलीत नेमकं तेच जमत नाही. खालून हवा येते ती थंड, वरती टोप टेकलेला असतो तो पाण्याने भरलेला. ज्वाळा टोपाच्या बुडाला लागते, गारठते, आणि अर्धवट जळलेला वायू धूर होऊन डोळ्यांत जातो. टोपाच्या बुडाची काजळी हे त्याच न जळलेल्या जळणाचं रूप. डोंगरावरून मोळी वाहून आणायची आणि तिचा एक हिस्सा घासणीने घासून काढायचा, असा हा व्यवहार. साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहाव्या हिश्शाच्या आसपास टोपापर्यंत पोचते, असा सर्वसाधारण अंदाज सांगतात. सराईत हातात हा हिस्सा वाढतो. लाकूड पुढे सारण्याचं, मागे ओढण्याचं, फुंकणी कधी घालायची याचं ज्ञान मोजमापात येत नाही, म्हणून ते कमी धरू नये.

जुन्या कौलारू घरात धूर हा नुसता शत्रू नव्हता. कौलांच्या फटींतून तो बाहेर झिरपायचा, म्हणजे अख्खं छपरच धुरांडं होतं. जाता जाता तो वासे-रिपांना काजळीचं कवच चढवायचा, त्यामुळे कीड लवकर लागत नसे. चुलीवरच्या माळ्यावर पुढच्या वर्षीचं बियाणं, लसूण, सुकी मासळी सुखरूप राहायची. ही सोय किती मोठी होती हे मंगलोरी कौलं जाऊन स्लॅब आल्यावर कळलं. स्लॅबच्या घरात धुराला वाट नाही. म्हणून चूल मागे, बाहेर गेली. चूल बाहेर गेली ती कुठल्या सरकारी मोहिमेमुळे नव्हे, सिमेंटमुळे. आणि माझ्या मते या भागातल्या स्वयंपाकघरांतला धूर कमी होण्यात या एका बदलाचा वाटा कुठल्याही सुधारित चुलीपेक्षा मोठा असावा. मात्र चुलीसोबत तिच्यापुढे बसणारी बाईही बाहेर गेली, आणि वारा पडलेल्या सकाळी पडवीतही धूर नाकाशीच राहतो.

आता ती परदेशी शेगडी. बिडाची किंवा पोलादी पेटी, पुढे काचेचं दार, मागून किंवा वरून निघणारी धुराची नळी. पेटीच्या वरच्या भागात मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते. तिच्यावर पॅलेडियम, प्लॅटिनम अशा धातूंचा अतिशय पातळ लेप. हा लेप म्हणजे उत्प्रेरक. स्वतः खर्च न होता तो धुराला कमी तापमानात जळायला लावतो. एरवी ६०० अंश मागणारा धूर इथे सुमारे २६० अंशांनाच पेट घेतो. १९७५ पासून अमेरिकन मोटारींच्या धुराच्या नळीत हीच युक्ती वापरली जाऊ लागली होती. त्याच दशकात तेल महागलं, लोक पुन्हा लाकडाकडे वळले, आणि थंडीत अख्खी खोरी धुराने भरू लागली. ओरेगन राज्याने आधी नियम केले. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने देशभरासाठी मर्यादा ठरवल्या. जुन्या शेगड्या तासाला १५ ते ३० ग्रॅम सूक्ष्म कण सोडत. नव्या नियमांत उत्प्रेरक शेगडीला ४.१ ग्रॅम आणि बिनउत्प्रेरक शेगडीला ७.५ ग्रॅमची मर्यादा आली. २०२० पासून दोन्ही प्रकारांना सर्वसाधारणपणे २ ग्रॅमची मर्यादा आहे.

अमेरिकेच्या ईशान्य भागात किंवा कॅनडात घर केलेल्या मराठी कुटुंबाने ही शेगडी घ्यायची ठरवली, तर शेगडीच्या किमतीइतकाच खर्च धुराड्यावर होऊ शकतो, हे आधी समजून घ्यावं लागतं. शेगडी ओढत नाही, ओढतं ते धुराडं. ते शक्यतो सरळ वर, घराच्या ऊबदार भागातून गेलेलं आणि दुहेरी भिंतीचं, उष्णता राखणारं असावं. बाहेरच्या भिंतीवरून नेलेलं धुराडं गारठतं, मग धूर वर चढायला कुरकुरतो. छपरातून बाहेर पडल्यावर ते निदान तीन फूट वर हवं, आणि दहा फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्याहून दोन फूट वर. शेगडीखाली न जळणारी लादी लागते. लाकडी भिंतीपासून किती अंतर ठेवायचं ते शेगडीवरच्या पट्टीवर छापलेलं असतं, आणि ते अंदाजाने कमी करायचं नसतं. बऱ्याच ठिकाणी नगरपालिकेची परवानगी लागते आणि विमा कंपनीही विचारते. कार्बन मोनॉक्साइडची धोक्याची घंटा तर हवीच.

चालवण्यात शिस्त आहे. शेगडीच्या आत एक झडप असते. ती उघडी असताना धूर उत्प्रेरकाला वळसा घालून थेट धुराड्यात जातो. आधी झडप उघडी ठेवून बारीक ढलप्यांवर मोठा जाळ करायचा. वीस-तीस मिनिटांत काटा २६० अंशांच्या पुढे गेला की झडप बंद करायची. आता धूर त्या पोळ्यातून जातो, तिथे जळतो, आणि कधी कधी ती वीट लालबुंद होते. मग हवा कमी करायची. एका भरणीवर शेगडी रात्रभर मंद जळते. तिची खरी कमाई हीच. उतावळेपणाने झडप लवकर बंद केली तर थंड वीट काजळीने चोंदते. लाकूड घालायला दार उघडायचं तर आधी झडप उघडून थोडं थांबायचं, नाहीतर सगळा धूर दिवाणखान्यात. आच अति झाली, साधारण ८७० अंशांवर गेली, की लेप खराब होतो. राख साचली तर वीट गार झाल्यावर मऊ कुंचल्याने झाडायची. दाराच्या कडेने बसवलेली, हवा अडवणारी दोरी सैल झाली आहे का हे पाहायला दारात एक नोट धरून ओढतात. सहज निघाली तर दोरी बदलायची. उत्प्रेरक दहा-बारा हजार तास टिकतो, म्हणजे रोज वापरणाऱ्या घरात काही हिवाळे, मग नवा घालायचा. धुराड्यात डांबरासारखा थर बसतो, तो पेटला तर घराला आग लागते, म्हणून वर्षातून एकदा ते साफ करून घ्यायचं.

हे सगळं शिकता येतं. खरी अट लाकडाची आहे. ओलावा वीस टक्क्यांच्या आत. लाकूड फोडून, वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून वर्ष-दोन वर्षं वाळवायचं. ओकसारखं घट्ट लाकूड दोन वर्षंही मागतं. ओलावा मोजायचा तर ओंडका नव्याने फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजायचा, कारण बाहेरून सगळीच लाकडं वाळलेली दिसतात. आणि रंगवलेलं लाकूड, प्लायवूड, छापील रंगीत कागद, प्लॅस्टिक, कचरा असलं काही घालायचं नाही. शिसं, जस्त, गंधक, क्लोरीन ही त्या लेपाची विषं आहेत.

ही यादी घेऊन जित्यात आलं की पहिल्या दोन पावलांतच अडखळायला होतं. इथे घर तापवायचं नाही. चूल सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर पेटते, मध्ये विझवून कोलितं बाजूला काढून ठेवतात. उत्प्रेरकाला ऊब धरायलाच वीस-तीस मिनिटं लागतात. तेवढ्यात इथलं आंघोळीचं पाणी तापून भाकऱ्यांचा तवाही चढलेला असतो. मग जळण पाहा. डोंगरातला लाकूडफाटा, नारळाची सोडणं, करवंट्या, गोवऱ्या. सोडणांत पोटॅश आणि क्लोराईड भरपूर असतात. खाडीच्या पाण्यात भिजलेलं लाकूड म्हणजे मिठाने भरलेलं लाकूड. परदेशी कंपन्यांच्या माहितीपत्रकांत असलं लाकूड जाळू नका असं बजावलेलं असतं, कारण ते उत्प्रेरकही मारतं आणि पोलादही खातं. औद्योगिक पट्ट्याच्या शेजारी तर एक नवं जळण आलंय: कारखान्यांची मोडकी खोकी आणि पॅलेट. फुकट किंवा स्वस्त, वाळलेली, चटकन पेटणारी. पण रंगवलेली, कधी रसायन पाजलेली, कधी प्लायची. ती चुलीत जळतात तेव्हा धुरातून काय काय निघतं याची चिंता उत्प्रेरकापेक्षा माणसासाठी करायला हवी.

आणि पाऊस. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, आणि हवेच्या प्रमाणात कुठेतरी स्थिरावतं. हवेत सापेक्ष आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या घरात असेल तर उत्तम वाळलेलं लाकूडही वीस टक्क्यांच्या आसपास जाऊन थांबतं. जुलै-ऑगस्टमध्ये रायगडात हवा अशीच असते. म्हणजे शेगडीने घातलेली अट इथल्या आभाळाला मान्य नाही. आमच्या आज्यांनी हे शास्त्र न वाचता आगोट भरली. मे महिन्यात मिठापासून मसाल्यापर्यंतच्या बेगमीबरोबर वाळलेली लाकडंही छपराखाली, चुलीच्या जवळ रचायची. चुलीची धग त्यांना कोरडं ठेवायची. सुधारित चुलींच्या इतिहासात या ढिगाचा उल्लेख क्वचितच येतो, पण धूर कमी करणारं त्याच्याइतकं स्वस्त साधन दुसरं नाही.

आपल्याकडच्या सुधारणा पहिल्यापासून नळीच्या बाजूने गेल्या. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून मगन चूल पुढे आली. हैदराबादच्या एस. पी. राजूंनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बिनधुराच्या चुलीची पुस्तिका काढली. दोन-तीन वैल, मागे नळी, धूर छपरावर. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तो बंद होईपर्यंत, म्हणजे २००२ पर्यंत, देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद झाली. आकडा मोठा. पण बसवलेली चूल आणि पेटवलेली चूल यांत फार अंतर पडलं. अनुदान असल्यामुळे चूल घरात यायची. पुढच्या पावसात नळीच्या भोकातून पाणी गळायचं, नळी काजळीने चोंदायची, तिचं तोंड साफ करायला छपरावर कोण चढणार हा प्रश्न कुणी सोडवलेला नसायचा. मोठा टोप वैलावर बसेना म्हणून घरचीच बाई विळ्याने तोंड तासून मोठं करायची, आणि इंजिनिअरने काढलेलं माप तिथेच संपायचं. यात तिची चूक काय? टोप तिच्या घरचा होता.

महाराष्ट्रात या कार्यक्रमाच्या तांत्रिक बाजूशी जोडलेली संस्था होती आरती, म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट. डॉ. आनंद कर्वे आणि सहकाऱ्यांनी ती १९९६ मध्ये उभी केली. त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. चूल फुकट वाटण्याऐवजी ती बनवणारे कुंभार आणि बायका तयार करायच्या, त्यांना साचे द्यायचे म्हणजे माप चुकणार नाही, आणि चूल विकत घेऊ द्यायची. लक्ष्मी, पार्वती, भाग्यलक्ष्मी अशी त्या चुलींची नावं होती. विकत घेतलेली चूल माणूस दुरुस्त करून वापरतो, हा त्यामागचा हिशेब मला आजही पटतो. याच संस्थेला उसाच्या पाचटापासून कोळसा करण्यासाठी २००२ मध्ये आणि छोट्या बायोगॅससाठी २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या सराई कुकरमध्ये अशा कोळशाच्या साधारण शंभर ग्रॅम कांड्यांवर वाफेने एका कुटुंबाचं वरण-भात होतं.

डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांची संपदा ही शेगडी वेगळ्या वाटेची. तिच्यात लाकडाचे तुकडे भरून वरून पेटवतात. जाळ खाली सरकत जातो, सुटलेला वायू वर येतो, तिथे त्याला वेगळी हवा मिळते आणि तो जळतो. शेवटी तळाशी कोळसा उरतो, तो वेगळा वापरायचा. धूर जाळण्याचंच हे तंत्र, पण प्लॅटिनमशिवाय. जित्याच्या आसपासच्या कातकरी वाड्यांत कोळसा पाडण्याचं कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या आहे. रायगडची कितीतरी कातकरी कुटुंबं हंगामात भट्ट्यांवर कामाला जातात. उघड्या भट्टीत जो वायू आभाळात जातो तोच संपदेत भात शिजवतो, हे त्यांच्याइतकं चटकन दुसऱ्या कुणाला कळणार नाही. असल्या शेगडीच्या चाचण्या घ्यायच्या तर पहिली वाडी इथली निवडावी, असं मला वाटतं.

पंख्याच्या शेगड्यांची गोष्ट थोडक्यात. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर निघालेली ऊर्जा शेगडी २००६ च्या सुमारास बाजारात आली आणि महाराष्ट्रातही विकली गेली. छोटा पंखा, शेतकचऱ्याच्या गोळ्या, जवळजवळ धूर नाही. शेगडी उत्तम होती. पण तिला फक्त त्या गोळ्या चालत. गोळ्या महागल्या तशा घरगुती शेगड्या कोपऱ्यात गेल्या. जळण दुकानातूनच आणायचं तर माणूस गॅस आणेल, इतकं साधं गणित त्यात होतं.

भारतीय मानक १३१५२ मध्ये चुलींच्या दोन जातींचे निकष दिले आहेत. नैसर्गिक ओढीच्या चुलीला निदान २५ टक्के कार्यक्षमता, पंख्याच्या चुलीला ३५ टक्के. हे आकडे प्रयोगशाळेतले. तिथे लाकूड सारख्या मापाचं, वाळलेलं, पाणी सारखं, आणि शेजारी रडणारं पोर नसतं. ओडिशात हॅना, डुफ्लो आणि ग्रीनस्टोन यांनी सुधारित चुली वाटून चार वर्षं पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, नंतर फरक दिसेनासा झाला, कारण चुली नीट राखल्या गेल्या नाहीत आणि वापरही घटला. मलावीत पंख्याच्या शेगड्यांनी मुलांचा न्यूमोनिया कमी झाला नाही. भारतासह चार देशांत झालेल्या हापिन चाचणीत गर्भवती स्त्रियांना गॅस फुकट दिला, त्यांच्या वाट्याचा धूर बराच घटला, तरी बाळांच्या जन्मवजनात ठळक फरक आढळला नाही. म्हणून धूर निरुपद्रवी ठरत नाही. घरातल्या धुरापायी २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पण एका घरातली चूल बदलली आणि शेजारची पेटतीच राहिली, तर हवा एकच असते. सकाळच्या गाडीतून दिसणारा तो थर कुणा एका घराचा नसतो.

गॅस आला, आणि चांगलंच झालं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला बलियात सुरू झाली. आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ ला आपल्याच संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, दिली गेली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं २०१५-१६ मध्ये ४३.८ टक्के होती, ती २०१९-२१ मध्ये ५८.६ टक्के झाली. पण उज्ज्वलाची कुटुंबं वर्षाला सरासरी तीन-चार टाक्याच भरत राहिली. मे २०२२ पासून टाकीमागे २०० आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपयांचं अनुदान देऊनही हा आकडा सावकाशच चढला. वर्षाला चार टाक्यांत पाच माणसांचा स्वयंपाक भागत नाही. म्हणजे चहा, भाजी, पाहुण्यांची धावपळ गॅसवर. तांदळाच्या भाकऱ्या आणि पाणी चुलीवर. लोक अडाणी आहेत म्हणून हे होत नाही. घरात दोन चुली ठेवणं हा काटकसरीचा हिशेब आहे.

थंडीत याच भागात पोपटीची मडकी लागतात. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, तोंड खाली करून ठेवलेलं मडकं आणि भोवती पेंढा-पाचोळ्याचा जाळ. मडक्यातला पदार्थ धुराला न शिवता शिजतो. ही पोपटी कुणी सुधारायला जाऊ नये.

माझं मत विचाराल तर स्वयंपाकघरापेक्षा न्हाणीघरापासून सुरुवात करावी. घरातलं बरंच जळण पाणी तापवण्यात जातं, आणि त्याचं उत्तम यंत्र आपल्याकडे आधीच आहे: तांब्याचा बंब. मधोमध उभी नळी, खाली जाळी, भोवती पाणी. नळी स्वतःच ओढ निर्माण करते, धूर वर जाता जाता पाण्याला उष्णता देतो. करवंट्या, सोडणं, काटक्या सगळं त्यात चालतं. आमच्या पिढीने तो मोडीत घातला, कारण वीज आली आणि तांबं महाग झालं. त्याच्या जागी आलं चुलीवरचं उघडं पातेलं, म्हणजे आपण एक पाऊल मागे गेलो. पत्र्याच्या बंबाला दीड हात उंच नळी आणि खाली हवेसाठी एक झरोका एवढंच नीट केलं तर सकाळचा थर विरळ होईल. सूर्यबंब आणखी बरा, पण श्रावणात तोही रुसतो.

प्लॅटिनमच्या विटेची गरज इथे कुणाला असेल तर डोंगरातल्या फार्महाऊसवाल्याला, आणि त्याला थंडीत चार रात्री शेकोटी हवी असते. त्याने मुळात अंगणात जाळ करावा.

जित्याच्या स्टेशनजवळ मेच्या अखेरीस एखाद्या पडवीत लाकडं रचताना दिसतील. आडवी-उभी, मध्ये वारा खेळेल अशी, खाली दोन दगडांवर, वर पत्रा. पहिला पाऊस पेणेच्या बाजूने येतो तेव्हा त्या पत्र्यावर ताडपत्री पडलेली असते, आणि तिच्या कोपऱ्यांवर दगड ठेवण्याचं काम पोरांकडे असतं.